पैसे ३०० चे, स्पीड ९४ चा! वाय-फाय राउटर घेण्याआधी त्याची मागची बाजू बघा

माझी थोरली बहीण मुंब्र्याला राहते. मागे एका रविवारी सकाळीच आपांचा फोन आला. "जरा येऊन जा रे. नेटचा काय घोळ झालाय कळत नाही, आणि तुझे दुल्हाभाई उद्या आणखी पैसे भरायला निघालेत."

घरात नेटवर बरंच काही अवलंबून आहे. धाकटा भाचा नीटची तयारी ऑनलाइन करतो. थोरला कुवेतला असतो, त्याचा रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो. आणि भाची घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. निकाह आणि वलीम्याचं शूटिंग म्हणजे पन्नास-साठ जीबीचा माल. तो उतरवायचा, कापायचा आणि पुन्हा पाठवायचा. तिच्यासाठीच चौदा महिन्यांपूर्वी १०० चा प्लॅन बदलून ३०० चा घेतला होता. महिन्याला तीनशे रुपये जास्त.

"मामू, प्लॅन वाढवला तरी फाइल तेवढ्याच वेळात जाते," भाची म्हणाली. "मागच्या आठवड्यात एका पार्टीला व्हिडिओ वेळेवर पोचला नाही. पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं."

तक्रार केल्यावर कनेक्शनवाल्याचा माणूस येऊन गेला होता. त्याने सल्ला दिला, "५०० चा प्लॅन घ्या, सगळं ठीक होईल."

मी लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि तीनदा स्पीड टेस्ट केली. ९४.१, ९३.८, ९४.३. तिन्ही वेळा तोच आकडा बघून रोग कुठे आहे ते कळलं. राउटर उलटा करून मागचं लेबल वाचलं, तर खात्रीच झाली. ५०० काय, १००० चा प्लॅन घेतला असता तरी त्या घरात ९४ च आलं असतं.

हीच गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच घरांत चालू असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हा ९४ चा आकडा येतो कुठून?

राउटरच्या मागे वायर खुपसायची जी चौकोनी भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. मोबाईलच्या चार्जरच्या वायरपेक्षा थोडी जाड, पारदर्शक क्लिपवाली वायर त्यात 'टक्' करून बसते. तिला लॅन केबल किंवा इथरनेट केबल म्हणतात.

या पोर्टचा स्पीड ठरलेल्या पायऱ्यांवर चालतो. आधी १०, मग १००, मग १०००, त्यापुढे २५०० एमबीपीएस. मधलं काही नाही. १०० च्या पोर्टमधून १२० किंवा १५० कधीच जाणार नाही.

आणि १०० च्या पोर्टमधून पूर्ण १०० सुद्धा तुमच्या हातात पडत नाहीत. माहिती छोट्या-छोट्या पाकिटांत जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिलेला असतो. त्या लिखापढीत पाच-सहा टक्के जातात. म्हणून १०० च्या पोर्टवर स्पीड टेस्ट ९४-९५ ला अडकते, आणि १००० च्या पोर्टवर साधारण ९४० पर्यंत जाते.

तेव्हा १०० पेक्षा मोठा प्लॅन आहे आणि टेस्ट दरवेळी ९३ ते ९५ च्या मध्येच थांबते, असं असेल तर समजून जा. तुमच्या घरात कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा बिघडलेली वायर बसली आहे. लाइन खराब असेल तर आकडा कधी ६०, कधी १८०, कधी ३० असा नाचतो. तो एकाच जागी ठाण मांडून बसला असेल, तर दोष बहुतेक पोर्टचा किंवा वायरचा.

"पण आम्ही तर वायर लावतच नाही!"

हा प्रश्न दुल्हाभाईंनी लगेच विचारला. "घरात सगळे मोबाईल वाय-फायवर. मग मागच्या भोकांशी आपला काय संबंध?"

संबंध आहे, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. मोबाईल वाय-फायवर असला तरी राउटरमध्ये नेट कुठून येतं? भिंतीवरच्या फायबरच्या डब्यातून एक वायर निघते आणि राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टमध्ये जाते. घरातला प्रत्येक मोबाईल, टीव्ही आणि लॅपटॉप त्या एकाच पोर्टमधून बाहेर जातो. तोच १०० चा असेल, तर वाय-फाय कितीही भारी असू दे, सगळ्या घराला मिळून ९४ च.

बिल्डिंगच्या टाकीतून दोन इंची पाइप आणला आणि घरात शिरताना त्याला अर्ध्या इंचाचा नळ बसवला, तर बादली अर्ध्या इंचानेच भरणार. राउटरवरचे चार-चार अँटेना म्हणजे घरातले जास्तीचे शॉवर. पाणी मात्र त्याच अर्ध्या इंचातून येतंय.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांची गंमत

आपांकडच्या राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'एसी १२००' लिहिलं होतं. दुल्हाभाईंचं म्हणणं साधं होतं. "१२०० चा राउटर घेतला, ३०० चा प्लॅन त्यात आरामात बसायला पाहिजे."

हा १२०० आकडा बनतो कसा ते बघा. राउटर दोन पट्ट्यांवर वाय-फाय सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरी ५ गिगाहर्ट्झ. पहिलीचा कागदावरचा स्पीड ३००, दुसरीचा ८६७. बेरीज ११६७, ती गोल करून १२००. पण तुमचा मोबाईल साधारणपणे एका वेळी एकाच पट्टीवर असतो, म्हणजे १२०० तुम्हाला कधीच मिळत नाही. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतल्या आदर्श परिस्थितीतले. घरात भिंती असतात, शेजाऱ्यांचे दहा वाय-फाय असतात, त्यामुळे हातात त्याच्या अर्धे पडले तरी चांगलं समजायचं.

खरी मेख वेगळीच आहे. हा १२०० फक्त हवेतल्या स्पीडचा आकडा आहे. मागच्या पोर्टबद्दल तो एक शब्दही सांगत नाही. उदाहरणच घ्या. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही राउटर बाजारात एसी १२०० म्हणूनच विकले गेले. पण सी५० ला १०० चे पोर्ट आहेत आणि सी६ ला १००० चे. वर्ग एकच, स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी झाकणं सारखी, आत माल वेगळा. यात फसवाफसवी नाही, खोक्यावर सगळं छापलेलं असतं. फक्त ते बारीक अक्षरांत असतं आणि आपण वाचत नाही.

'एन ३००' लिहिलेले स्वस्त राउटर तर बहुतेक सगळे १०० च्या पोर्टचेच असतात, आणि त्यात ५ गिगाहर्ट्झची पट्टीही नसते. लहान प्लॅनला चालतील, ३०० च्या प्लॅनला नाही.

पोर्ट ओळखायचा कसा?

खोक्याच्या बाजूला किंवा मागे, नाहीतर राउटरच्या खालच्या लेबलवर, हे शब्द शोधा.

'१०/१००' किंवा 'फास्ट इथरनेट' किंवा नुसतं 'एफई' लिहिलं असेल, तर तो १०० चा पोर्ट. यातल्या 'फास्ट' शब्दाला भुलू नका. हे मानक १९९५ सालचं आहे. तेव्हा १०० खरंच फास्ट होतं.

'१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' किंवा 'जीई' लिहिलं असेल, तर तो १००० चा पोर्ट. आपल्याला हाच पाहिजे. तांब्याच्या साध्या लॅन वायरवरून १००० चा स्पीड देण्याचं मानक १९९९ सालीच मंजूर झालं. पाव शतक उलटून गेलं. आज नवा राउटर घेताना १०० च्या पोर्टवर समाधान मानायचं फारसं कारण नाही.

'२.५ जी' लिहिलं असेल, तर तो २५०० चा पोर्ट. याचं मानक २०१६ चं. याची गरज कुणाला, ते पुढे बघू.

एक लक्षात ठेवा. वॅन आणि लॅन दोन्ही पोर्ट तपासायचे. काही मॉडेलमध्ये वॅन एका स्पीडचा आणि लॅन दुसऱ्या स्पीडचा असतो. दुकानदाराने 'गिगाबिट आहे' म्हटलं तर विचारा, "सगळेच पोर्ट का फक्त एक?"

आणि 'गिगाबिट वाय-फाय' असे शब्द दिसले तर खूश होऊ नका. ते हवेतल्या स्पीडबद्दल असतात. 'गिगाबिट पोर्ट' असंच लिहिलेलं पाहिजे.

राउटर बदलला तरी ९४? मग वायर बघा

आपांकडे आम्ही गिगाबिट पोर्टचा राउटर आणून लावला. हॉलमध्ये टेस्ट केली, २८५ आले. सगळे खूश. भाची आपल्या खोलीत गेली, भिंतीतून आलेली वायर कॉम्प्युटरला लावली आणि तिथूनच ओरडली, "मामू, इथे अजून ९४ च!"

लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या स्पीडला फक्त दोन जोड्या लागतात, म्हणजे चार तारा. १००० च्या स्पीडला आठही तारा लागतात. एक तार जरी तुटली, सैल झाली किंवा जोडलीच नाही, तरी दोन्हीकडचे पोर्ट बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

भाचीच्या खोलीतली वायर टाकणाऱ्याने चारच तारा क्लिपमध्ये बसवल्या होत्या. उरलेल्या चार बाहेरच कापून टाकलेल्या. वायर बदलावी लागली नाही. दोन्ही टोकांना नवीन क्लिप लावून आठही तारा बसवल्या आणि काम झालं. हे काम करायला तुमच्या भागातला कुठलाही कॉम्प्युटरवाला किंवा सीसीटीव्हीवाला जमतो, दहा मिनिटांचं काम आहे. क्लिप पारदर्शक असते, त्यामुळे उजेडात धरून आठ रंग मोजता येतात. तेवढं तुम्हीही करू शकता.

नवी वायर घ्यायची असेल तर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेली घ्या. घरातल्या १००० च्या स्पीडला दोन्ही पुरतात, शंभर मीटरपर्यंत. त्यापेक्षा महागड्या वायरवर पैसे घालवायची गरज नाही. मात्र तांब्याची घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, तिच्यावर 'सीसीए' लिहिलेलं असतं. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. भिंतीतून एकदा गेलेली वायर पुन्हा काढणं म्हणजे प्लास्टर फोडणं, म्हणून इथे कंजुषी नको.

कंपनीने दिलेला डबा

फायबरची काचेची बारीक तार ज्या डब्यात येते, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच ठिकाणी याच डब्यात वाय-फायही असतं. काही स्वस्त डब्यांत एकच पोर्ट १००० चा आणि बाकीचे १०० चे असतात. लेबलवर '१ जीई + ३ एफई' किंवा '१ जीई + १ एफई' असं काही लिहिलेलं दिसेल. अशा वेळी तुमच्या राउटरची वायर चुकून एफईच्या भोकात गेली असेल, तर नवा राउटर घेऊनही ९४ च मिळणार. एक रुपया खर्च न करता फक्त वायर जीईच्या भोकात हलवली की काम होतं. म्हणून नवा राउटर घेण्याआधी हे नक्की बघा.

स्वतःचा राउटर घ्यायचा असेल तर कनेक्शन देणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, "माझा राउटर लावला तर चालेल का, आणि लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड लागतं का? लागत असेल तर ते मला द्याल का?" दुसरी, "तुमचा डबा ब्रिज मोडवर करून द्याल का?" ब्रिज मोड म्हणजे त्यांचा डबा फक्त फायबरची वायर करून देणार आणि बाकी सगळं काम तुमचा राउटर करणार. हे केलं नाही तर दोन राउटर एकामागे एक काम करतात. साध्या वापराला त्याने फरक पडत नाही, पण ऑनलाइन गेम किंवा बाहेरून सीसीटीव्ही बघण्यात अडचणी येऊ शकतात. ब्रिज करून देत नसतील तर तुमचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर लावा. बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते.

मग किती स्पीडचा पोर्ट घ्यायचा?

इथे उगाच खर्च करायला सांगणारा मी नाही. आधी आपली गरज बघा.

झूमवर चांगल्या एचडी चित्रासाठी तीन-चार एमबीपीएस पुरतात. ४के सिनेमा बघायला पंधरा ते पंचवीस. म्हणजे ज्या घरात दोन-तीन मोबाईल, एक टीव्ही आणि मुलांचे क्लास एवढंच आहे, तिथे ५० किंवा १०० चा प्लॅन पुष्कळ होतो. तिथे १०० च्या पोर्टचा राउटर असेल तर काहीही बदलू नका. फार तर पाच-सहा एमबीपीएस कमी मिळतील, ते कुणाला कळणारही नाहीत. अशा घरात कुवेतचा कॉल अडकत असेल तर त्याचं कारण पोर्ट नाही, वाय-फायची भिंत किंवा पलीकडचं नेट आहे.

१५०, २००, ३०० किंवा त्याहून मोठा प्लॅन असेल, तर गिगाबिट पोर्ट पाहिजेच. नाहीतर १०० च्या वरचे सगळे पैसे वाया. ही फिजूलखर्ची दर महिन्याला गपचूप होत राहते.

प्लॅन १०० चाच आहे पण राउटर नवीनच घ्यायचाय? तरी गिगाबिटच घ्या. साध्या मॉडेलमध्ये दोघांच्या किमतीत बहुधा हजार रुपयांच्या आसपासचा फरक असतो, आणि राउटर पाच-सहा वर्षं टिकतो. तेवढ्या काळात प्लॅन वाढणारच. २०१९ साली जिओफायबर सुरू झालं तेव्हा ६९९ रुपयांच्या सगळ्यात खालच्या प्लॅनलाच १०० एमबीपीएस जाहीर झाले होते. म्हणजे १०० चा पोर्ट तेव्हाच काठावर आला होता.

२.५ जीचा पोर्ट मात्र फार थोड्यांना लागतो. प्लॅन १००० च्या वरचा असेल, किंवा घरात फाइल साठवायचा वेगळा सर्व्हर असेल आणि तुमचं काम मोठ्या फाइल सतत इकडून तिकडे नेण्याचं असेल, तरच. शिवाय त्याचा फायदा मिळायला दोन्ही टोकांना २.५ जीचा पोर्ट लागतो. एका बाजूला २.५ आणि दुसऱ्या बाजूला १००० असेल तर चालणार १००० नेच.

टीव्हीबद्दलही सांगतो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना, महागड्यांनाही, लॅनचा पोर्ट १०० चाच असतो. त्याची काळजी नको, ४के सिनेमाला तेवढा पुरतो. पण ज्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, त्याला यूएसबीचा जोड घेताना बघून घ्या. सगळ्यात स्वस्त जोड १०० चा असतो. 'यूएसबी ३.०' आणि 'गिगाबिट' दोन्ही शब्द असलेलाच घ्या.

जाड भिंती आणि दोन मजल्यांची घरं

रत्नागिरी-रायगडकडच्या वाचकांना ही अडचण जास्त माहीत असेल. जांभ्या दगडाची जाड भिंत, खाली हॉल, वर खोल्या. खाली राउटरपाशी स्पीड मस्त, वर गेलं की एकच काडी. मग कुणीतरी सांगतं, "रिपीटर लाव." साधा रिपीटर तीच हवा झेलून पुन्हा सोडतो. बोलायचं पण त्यालाच आणि ऐकायचं पण त्यालाच, त्यामुळे स्पीड बऱ्याचदा अर्ध्यावर येतो.

अशा घरात वायर हाच खरा उपाय. खालच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून एक कॅट ६ वायर वर न्यायची आणि वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. इथे दोन्ही राउटरचे पोर्ट गिगाबिट पाहिजेत. 'मेश'चा संच घेणार असाल तर त्याचेही पोर्ट बघा. स्वस्त मेशमध्ये १०० चे पोर्ट असतात आणि मग वायर टाकूनही ९४ च हाती येतं.

शेजारच्या भावाच्या घरी अंगणातून लॅन वायर नेण्याचा विचार असेल, तर सांभाळून. कोकणात पावसाच्या आधी आणि शेवटी विजा किती कडाडतात ते सांगायला नको. उघड्यावरच्या तांब्याच्या वायरीतून झटका येऊन दोन्ही घरांची मशीनं जळू शकतात. दोन घरांच्या मध्ये फायबरच टाकून घ्या, त्यात वीज वाहत नाही.

घरच्या घरी तपासणी, अर्ध्या तासात

पहिलं, घरातले बाकीचे मोबाईल-टीव्ही नेटवरून काढा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि तीनदा स्पीड टेस्ट करा. आकडे कागदावर लिहा.

दुसरं, विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये जा, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'इथरनेट'. तिथे 'लिंक स्पीड' दिसेल. १००/१०० असेल तर ही वायर किंवा तिच्या दोन टोकांपैकी एक पोर्ट १०० चा आहे. १०००/१००० असेल तर हा भाग ठीक आहे, दोष पुढे शोधा.

तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वायर, मग भोक. त्यानंतर लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला लावून बघा. तिथे पूर्ण स्पीड आला आणि तुमच्या राउटरमागे ९४ आला, तर राउटर किंवा मधली वायर दोषी. लॉगिन लागणाऱ्या कनेक्शनवर थेट डब्याला नेट चालणार नाही, तेव्हा कनेक्शनवाल्याच्या माणसाकडून समोर टेस्ट करून घ्या.

चौथं, वायरवर पूर्ण स्पीड आहे पण मोबाईलवर कमी, असं असेल तर पोर्ट निर्दोष. मोबाईल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर असेल. त्या पट्टीवर गर्दीच्या बिल्डिंगमध्ये ४०-७० च्या पुढे जाणं कठीण. ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि राउटरच्याच खोलीत उभं राहून पुन्हा बघा.

हिशोब करताना आणखी एक गोंधळ टाळा. प्लॅन एमबीपीएसमध्ये असतो, म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना दिसतं ते मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट. त्यामुळे १०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला ११-१२ मेगाबाइटने उतरत असेल, तर ते बरोबरच आहे, त्यावरून भांडू नका.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

लॅमिंग्टन रोडला जा, गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, प्रश्न हेच.

१. वॅन पोर्ट गिगाबिट आहे का?
२. लॅन पोर्टही सगळे गिगाबिट आहेत का, आणि किती आहेत?
३. ५ गिगाहर्ट्झची पट्टी आहे का?
४. माझ्या कनेक्शनवर हा चालेल का? (हे कनेक्शनवाल्यालाही विचारा.)
५. वॉरंटी किती आणि बदलून कुठे मिळेल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडी घेऊ नका, खोक्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेताना मॉडेलचा पूर्ण नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, कारण एकाच नावाच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत फरक असू शकतो. मग अँटेना चार आहेत की सहा, हे बघितलं नाही तरी चालेल.

आपांकडे शेवटी काय झालं? राउटर बदलला, भाचीच्या खोलीतल्या वायरीच्या क्लिपा बदलल्या, आणि तिच्या टेबलावर २८५ आले. साठ जीबीची फाइल पाठवायला आधी ८५ मिनिटं लागायची, आता अर्ध्या तासाच्या आत जाते. ५०० चा प्लॅन घ्यावा लागला नाही. जुना राउटर फेकला नाही, गावच्या घरी ५० चा प्लॅन आहे तिथे तो आता झकास चालतोय.

निघताना दुल्हाभाई हिशोब करत बसले होते. महिन्याला तीनशे, चौदा महिने, ४,२०० रुपये. "एवढ्यात दोन राउटर आले असते," ते म्हणाले. भाची काही बोलली नाही. तिचं हातातून गेलेलं काम त्या हिशोबात धरलेलंच नव्हतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर राउटर एकदा उलटा करून लेबल वाचा. प्लॅन वाढवायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.